डब्यात काय आणलंय?

"आज बिर्याणी का?"

हा प्रश्न मला पहिल्या नोकरीत विचारला गेला, दुसऱ्या नोकरीत विचारला गेला आणि आताच्या नोकरीतही. तोही डब्याचं झाकण उघडायच्या आधी. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला ठाऊक आहे. माझं नाव कळलं की समोरच्याला बिर्याणीचा वास यायला लागतो, मग डब्यात दोडक्याची भाजी का असेना. पूर्वी मी खुलासा करत बसायची. आता झाकण उघडून दाखवते. दोडका स्वतःच बोलतो.

गेली साडेतीन वर्षं सोमवार ते शुक्रवार माझ्या डब्यात मटण नाही, अंडं नाही, दूध, दही, तूप, पनीर यांतलंही काही नाही. याला 'व्हीगन' म्हणतात, असं मला ऑफिसातल्या एका मुलीनं सांगितलं. शब्द इंग्लंडातला, १९४४ सालचा. आमच्या घरी त्याच्या कितीतरी आधीपासून असं जेवत होते, फक्त त्याला नाव नव्हतं. मी कुठलीही शपथ घेतलेली नाही. मांस ऑफिसनं काढलं आणि दूध पोटानं. उरलं ते डब्यात भरते.

ऑफिसचं आधी सांगते. एके दिवशी पॅन्ट्रीच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला, की इथे मांसाहारी पदार्थ गरम करू नयेत आणि इथल्या टेबलांवर खाऊ नयेत. अंडंही त्यातच. आदल्या आठवड्यात मी अंडाभुर्जी नेली होती आणि वासाबद्दल कुणीतरी तक्रार केली होती. कागदावर माझं नाव नव्हतं. तशी गरजही नव्हती. मी काही बोलले नाही. नोकरीत येऊन चारच महिने झाले होते आणि पुण्यात घरभाडं दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावं लागतं.

दुधाचं प्रकरण त्यानंतर काही महिन्यांनी. पोट सतत बिघडायचं. जेवलं की तासाभरात गुडगुड, पोट फुगणं आणि पुढचं तुम्ही समजून घ्या. डॉक्टरांनी दूध बंद करून बघायला सांगितलं. दुधातली साखर पचवणारं जे द्रव्य आतड्यात असतं, ते मोठेपणी पुष्कळांचं कमी होतं, त्यात काही विशेष नाही, म्हणाले. पंधरा दिवसांत फरक पडला. घरी असताना मी अजून कधीमधी दोन चमचे दही खाऊन बघते. पण ज्या दिवशी संध्याकाळी सव्वा तास बसमध्ये अडकायचं असतं, त्या दिवशी असले प्रयोग करत नाही.

आता खरी पंचाईत पुढे होती. मांस नाही, अंडं नाही, दही-ताक-पनीर नाही, मग डब्यात न्यायचं काय? पहिल्या महिन्यात मी दुधीची नाहीतर कोबीची भाजी, दोन पोळ्या आणि काकडी नेली. एक वाजता पोट भरायचं आणि साडेतीनला रिकामं व्हायचं. चार वाजता हात ड्रॉवरमधल्या बिस्किटाच्या पुड्याकडे जायचा. एकदा पुड्याच्या मागचं बारीक अक्षर वाचलं, तर त्यातही दुधाची पावडर.

तेव्हा मला अब्बांचा डबा आठवला.

अब्बा सोलापुरात यंत्रमागावर होते. बारा तासांची पाळी, बहुतेक उभ्यानं. त्यांच्या डब्यात ज्वारीच्या तीन भाकऱ्या, शेंगाचटणी, एक कांदा आणि असली तर अंबाड्याची किंवा मेथीची भाजी. मटण आमच्याकडे जुम्म्याला यायचं, तेही दर जुम्म्याला नाही. पाहुणे आले तर, पगार झाला तर. मधल्या दिवसांत डाळ, भाजी, उसळ, भाकरी. मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांत हेच होतं. मुसलमान रोज मटण खातो, ही बातमी आम्हाला शाळेत वर्गमैत्रिणींकडून कळली आणि आम्ही बहिणी कितीतरी दिवस तिच्यावर हसत होतो.

तर त्या डब्यावर हा माणूस बारा तास उभा राहायचा तरी कसा? उत्तर चटणीत होतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात आणि जवळजवळ निम्मं तेल. अब्बा चटणी चिमूटभर तोंडी लावत नसत, मूठभर खात. ज्वारी हळूहळू पचते, शेंगदाणा त्याहून हळू. माझ्या कोबी-पोळीत नेमकं हेच नव्हतं. मांस आणि दही काढून टाकलं होतं, त्या जागी काही ठेवलंच नव्हतं.

तेव्हापासून डबा भरताना मी आधी बघते की आज पोटाला धरून ठेवणारं काय आहे. कडधान्य, डाळ नाहीतर शेंगदाणा-तीळ, यांतलं एक तरी हवंच. भाजी त्याच्या सोबतीला.

सकाळी माझ्याकडे वीस मिनिटं असतात, त्यामुळे काम रविवारी होतं. शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सालं काढून, लसूण, जिरं, लाल तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटते. मिक्सरमध्ये भुकटी होते. कुटली की शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि चटणी गोळा धरते, ती खरी सोलापुरी. हात दुखतात, पण बरणी दहा दिवस जाते. मटकी रविवारी सकाळी भिजत घालते, रात्री उपसून फडक्यात बांधते, सोमवारी रात्री मोड आलेले असतात. मग फ्रीजमध्ये. मंगळवारी आणि बुधवारी उसळ. कांदा, थोडं सुकं खोबरं भाजून वाटलेलं, काळा मसाला, वरून लिंबू. लिंबू चवीपुरतं नाही. कडधान्यातलं लोह अंगी लागायला आंबट लागतं. आणि जेवणावर लगेच चहा घेतला, तर तेच लोह वाया जातं. हे कळल्यावर माझा दीडचा चहा अडीचला गेला. तोही कोरा, लिंबू पिळलेला, आपला सुलेमानी.

गुरुवार माझा लाडका. बगारा खाना आणि दालचा.

ज्यांनी दालचा फक्त लग्नात मटणाचा खाल्लाय, त्यांना सांगते, बिनमटणाचा दालचा ही काही कंजुषी नाही. चण्याची डाळ रात्रभर भिजवायची. सकाळी कुकरला हळद घालून लावायची. दुधीच्या मोठ्या फोडी दुसऱ्या भांड्यात कांदा-टोमॅटोवर परतून अर्ध्या शिजवायच्या, त्यात घोटलेली डाळ, चिंचेचा कोळ, हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडा गरम मसाला. वरून तेलाचा बघार, त्यात जिरं, लसूण, सुकी मिरची, कढीपत्ता. डब्यासाठी जरा पातळच ठेवायचा, कारण दुपारपर्यंत डाळ आळते आणि चमचा उभा राहतो. दुधी बारीक चिरायचा नाही, नाहीतर तो डाळीत हरवतो. दुसऱ्या शेगडीवर बगारा खाना. तेलात शहाजिरं, लवंग, दालचिनी, वेलची, कांदा चांगला लाल, आलं-लसूण, पुदिना, मग तांदूळ. आमच्या घरात यात तूप कधी पडलंच नाही, ते परवडायचं नाही. त्यामुळे मला काही बदलावंही लागलं नाही.

बगारे बैंगन मात्र सकाळी होत नाही, ते आदल्या रात्रीच. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं भाजून वाटायचं, चिंच, मेथीदाणे, कढीपत्ता. ते शिळंच चांगलं लागतं, म्हणून डब्याला उत्तम. फक्त तेल वर येतं. झाकण घट्ट नसेल तर बॅग, फाइल, ओढणी सगळं बगारलं जातं. हे अनुभवाने सांगतेय.

कंटाळ्याच्या दिवसासाठी कपाटात कडक भाकरी असतेच. सोलापूरहून येणारा कुणी ना कुणी आणतो. पापडासारखी पातळ, आठवडे टिकते. उसळीत नाहीतर आमटीत कुस्करली की पाच मिनिटांत जेवण. सकाळी बस चुकणार असेल तर मी भाकरी, चटणीची छोटी डबी आणि कांदा उचलते आणि धावत सुटते.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. बी-१२ हे जीवनसत्त्व या डब्यात नाही. ते वनस्पतींतून मिळत नाही. माझं रविवारच्या मटणावर भागतं. जे पूर्णच सोडतात त्यांना गोळी घ्यावी लागते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने अम्माला फोनवर सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "इत्ता पढी, नौकरी लगी, हौर अब्बी चटनी-रोटीच खाती क्या गे?"

मला हसू आलं. तिला आलं नव्हतं. तिनं शिलाई मशीन चालवून आम्हा तिघी बहिणींना शिकवलं, ते मुलींच्या ताटात चटणी-भाकरीच्या पुढचं काही यावं म्हणून. पगारदार मुलगी स्वखुशीनं पुन्हा तिथंच जाऊन बसली होती. मी प्रथिनांचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला तो तयारीनिशी. अल्लाहनं हलाल केलेली चीज माणसानं आपल्यावर हराम करून घेऊ नये, कुराणात आहे, सूरह तहरीमची पहिलीच आयत. मी म्हटलं, अम्मा, हराम कोण म्हणतंय? डब्यात नाही, एवढंच. आणि हुजूरांना (स.) दुधी आवडायचा, हजरत अनस यांची रिवायत आहे, बुखारीत. यावर ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "कद्दू गोश्त के साथ बी होता."

तिला पॅन्ट्रीच्या दारावरच्या कागदाचं मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर चटणी-भाकरीचं दुःख तिला सोपं वाटलं असतं.

ऑफिसात याच डब्याचं भलतंच झालं. अकाउंट्समधल्या एक ताई, मनानं अगदी चांगल्या, एके दिवशी माझी मटकी आणि भाकरी बघून हरखल्या. एक घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, तू तर अगदी आमच्यासारखीच आहेस की!" टेबलावरचे बाकीचेही कौतुकाने बघू लागले. मी हसले. चटणीची डबी त्यांच्यापुढे सरकवली. दिवसभर ते वाक्य घशात अडकून राहिलं. मटकी त्यांची कधी झाली? सोलापुरात आमच्या मोहल्ल्यात तीच मटकी, तीच चटणी. मी कुणासारखी होण्यासाठी ती शिजवत नव्हते. आणि त्या दिवशी डब्यात खिमा असता, तर मी कुणासारखी असते?

मग व्हीगन शब्द सांगणारी ती मुलगी. पंचविशीची, शेजारच्या टीममध्ये. ती प्राण्यांसाठी सोडलेली. दुधासाठी वासरं कशी तोडली जातात, यावर ती बोलायला लागली की टेबलावरचे पनीर खाणारे अस्वस्थ होत. 'शुद्ध शाकाहारी' म्हणवणाऱ्यांना ती जड जायची, हे बघून मला थोडा दुष्ट आनंद व्हायचा, कबूल करते. तिला घरून मिळायची तुपातली भाजी, म्हणून ती स्वतः काहीतरी करून आणायची. बहुतेक वेळा ओट्स. पाण्यात भिजलेले ओट्स खाताना ते पोर बघवत नव्हतं. मी तिला दालचा दिला. त्यानंतर गुरुवारी माझा डबा तीन कप्प्यांचा झाला.

तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी डबे धुताना तिनं विचारलं, "ताई, एक विचारू? राग नाही ना येणार? बकरी ईदला तुम्ही..."

मी सांगितलं. आमच्याकडे कुर्बानी होते. वाटे मी स्वतः भरते, एक गरिबांचा, एक नातेवाइकांचा, एक घरचा. मी खाते. आवडीनं खाते.

"मग हे?" तिनं माझ्या हातातल्या डब्याकडे बोट केलं.

"हे सोमवार ते शुक्रवार."

ती हसली नाही. दोन दिवस तिनं जागा बदलली. माझ्याकडे तिचा राग होता आणि तिच्याकडे माझी चटणीची डबी. सोमवारी ती डबी घेऊन आली. आत खोबऱ्याच्या वड्या होत्या, तूप-दूध न घालता केलेल्या, जरा चिवट. "आई म्हणते रिकामा डबा परत देऊ नये," म्हणाली आणि बसली. तिला माझी ईद पटत नाही. ते तिनं मला नंतर तोंडावर सांगितलं, आणि मीही तिला सांगितलं की मला त्याची लाज वाटत नाही. आमचं त्यावर जमलेलं नाही, जमणारही नाही. पण 'आमच्यासारखीच' हे ऐकल्यावर जसं वाटलं होतं, तसं यात कधी वाटलं नाही. तिला मी नेमकी कोण आहे ते माहीत आहे आणि तरी तिला माझा दालचा हवा असतो.

यंदा ऑफिसची जागा बदलली. नव्या इमारतीत मोठी कँटीन, दोन मायक्रोवेव्ह, एकावर हिरवा ठिपका आणि एकावर लाल. दारावर कागद नाही. पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. रत्नागिरीकडचे एक सहकारी बांगड्याचं तिखलं घेऊन आले. कोल्हापूरचा एक जण सुक्कं मटण. मोजलं तर निम्म्याहून जास्त मंडळी खाणारी निघाली. तीन वर्षं सगळेच माझ्यासारखे भाजी-पोळी चिवडत बसले होते आणि मला वाटत होतं की तो कागद एकटीसाठी आहे. कागद लागला तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं असतं, तर? पण कुणीच मान वर केली नव्हती. मीही नाही.

अम्मा तेव्हा माझ्याकडे आलेली होती. जुन्या कागदाची हकीकत तिला आता कळली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिनं खिमा केला, वर पुदिना, सोबत रोटी. डबा हातात देताना म्हणाली, "अब तो मना नई ना?"

लाल ठिपक्याच्या मायक्रोवेव्हसमोर उभी राहून मी दोनदा मागे वळून पाहिलं. कुणीच बघत नव्हतं. अकाउंट्सच्या ताई हिरव्या ठिपक्याच्या रांगेत होत्या, त्यांनी हात केला. ती मुलगी रोजच्यासारखी समोर येऊन बसली, माझ्या डब्याकडे एकदा बघितलं आणि आपले ओट्स उघडले. त्या दिवशी आम्ही काही वाटून खाल्लं नाही. खिमा सुरेख झाला होता. मी सगळा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी उसळ नेली. रोज काय न्यायचं हे आता माझं मीच ठरवायचं होतं, पण मटकीला मोड आले होते आणि मोड आलेली मटकी कुणासाठी थांबत नाही.

रविवारी संध्याकाळी अम्माला हुतात्मा एक्स्प्रेसला बसवायला गेले. तिच्या हातात फडक्याची पुरचुंडी होती. मी म्हटलं, काय घेतलंस, दे बघू, गाडीत काहीतरी चांगलं घेऊन देते. तिनं ती मागे ओढली. मला चटणीचा वास आला, माझ्याच बरणीतली.

"सफर में येइच अच्छा रहता," ती म्हणाली आणि डब्यात चढली.